एकोणीस नंबरचा रंग

"माझी सून रंगारीण आहे," असं सासूबाई कुणालाही सांगायच्या. ऐकणाऱ्याला वाटायचं, घरांच्या भिंती रंगवत असेल. मग त्या खुलासा करायच्या, "भिंती नाही हो. माणसांच्या आतलं रंगवते. काचेवर ठेवून." एवढं ऐकलं की समोरचा माणूस बहुधा विषय बदलायचा. सासूबाईंना त्याचीच गंमत वाटायची.

तसं बघितलं तर त्या खोटं काहीच सांगत नव्हत्या. सून एका मोठ्या इस्पितळाच्या पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ होती. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ या विभागात यायची. तिचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवले जायचे, ठोकळ्याचे कागदाहून पातळ काप निघायचे आणि ते काप काचपट्टीवर चढवून रंगवायचं काम सुनेचं. रंग साधा नसायचा. पेशीत एखादं ठरावीक प्रथिन आहे की नाही, हे शोधणारा असायचा. प्रथिन असेल तिथे तपकिरी उमटायचा, नसेल तिथे नुसता निळसर. रंगवण्याआधी काचा प्रेशर कुकरमध्ये उकळाव्या लागत. हे कळल्यावर सासूबाई पोट धरून हसल्या होत्या. "म्हणजे घरी कुकर, तिकडेही कुकर! नोकरी कशाला म्हणायचं याला?"

'रंगारीण' हे नाव घरातून विभागात पोचलं आणि तिकडेही चिकटलं. विभाग तळमजल्यावर होता. खिडक्या उंचावर, भिंतीत एक घरघरणारा पंखा, आणि रसायनांचा वास असा की घरी गेल्यावर केसांतून यायचा. तिथे तिघंच मुख्य माणसं. काचा वाचणाऱ्या डॉक्टर, त्यांना सगळे मॅडम म्हणत. ठोकळे बसवणारे एक वयस्कर गृहस्थ, ते मेणवाले काका. आणि रंगारीण. काचेवर कुणाचं नाव नसायचं, फक्त क्रमांक. त्यामुळे वर्षानुवर्षं हे काम करूनही तिला कधी भीती शिवली नव्हती. शेजारच्या खोलीत बसून ती शांतपणे डबा खायची. कुणी विचारलंच, "तुला काही वाटत नाही का गं?" तर म्हणायची, "काचेला कसलं आलंय घाबरायचं?"

यकृताच्या गाठी आल्या की मॅडम एक तपासणी हमखास सांगायच्या. त्या प्रथिनाचं नाव लांबलचक होतं आणि शेवटी एकोणीस हा आकडा. म्हणून तिघंही त्याला नुसतं 'एकोणीस' म्हणायचे. निरोगी यकृतात हे एकोणीस फक्त पित्ताच्या बारीक नळ्यांत दिसतं. बाकी सगळं निळं. पण कधीकधी कर्करोगाच्या गाठीतल्या पेशीच तपकिरी होतात. तशी काच दिसली की मॅडमच्या कपाळावर आठी पडायची. ज्यांच्या गाठीत एकोणीस असतं, त्यांचा आजार कापून काढला तरी परत यायची शक्यता जास्त असते. रंगारणीला हे ठाऊक होतं. पण आपल्याला बसचा मार्ग ठाऊक असावा, तसं.

घरात चार माणसं. ती, नवरा, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचा गाळा होता. सासूबाईंचं शिलाई मशीन पुढच्या खोलीत, खिडकीला लागून. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. तोंडात टाचण्या धरून त्या अख्ख्या गल्लीची खबर सांगायच्या. सासू-सुनेचं जमायचं. भांडणं व्हायची, पण त्यांना चव असायची.

त्या वर्षी सासूबाईंना मशीन जड लागायला लागलं. दोन पडदे शिवले की उठून पलंगावर आडव्या व्हायच्या. उजव्या बरगडीखाली काहीतरी टोचतं म्हणायच्या. ब्लाउज सैल व्हायला लागला, तर दोन्हीकडून टाके घालून घट्ट केला आणि वर म्हणाल्या, "बरं झालं, बारीक झाले." सुनेने मात्र तो ब्लाउज धुताना आत किती कापड दुमडलंय ते बोटांनी मोजलं. दुसऱ्या दिवशी ती त्यांना आपल्याच इस्पितळात घेऊन गेली.

सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात एक गाठ दिसली. पुढच्या तपासण्या झाल्या आणि सर्जनने तिघांना समोर बसवून सांगितलं, की कर्करोग आहे, पण गाठ एकच आहे आणि कापून काढता येईल. रक्तात ब प्रकारच्या काविळीचा विषाणू सापडला होता. तो बहुधा लहानपणापासून अंगात मुक्काम करून बसला असणार.

"एवढी वर्षं घरात भाडेकरू होता आणि मला पत्ता नाही," सासूबाई म्हणाल्या.

सर्जन मुलाकडे वळले. "हा विषाणू आईकडून बाळाला जन्माच्या वेळी लागू शकतो. तुम्ही तुमचं रक्त तपासून घ्या. तुमच्या मिसेस लॅबमध्ये आहेत, त्यांनी लस घेतलेली असणार. मुलीला जन्मल्यावर लस दिली होती ना?"

"हो," रंगारीण म्हणाली. नवरा फरशीकडे बघत होता.

"आधी आईचं होऊ दे," तो बाहेर आल्यावर म्हणाला. "माझं काय, मी ठणठणीत आहे."

ऑपरेशन सरळ पार पडलं. गाठ निघाली आणि ठरल्या वाटेने तळमजल्यावर आली. मॅडमनी रंगारणीला बोलावून घेतलं. "अगं, तुझ्या घरची काच आहे. तू हात लावू नकोस. काका करतील सगळं."

"मीच करते, मॅडम."

"कशाला उगाच?"

"दुसऱ्या कुणी रंगवली तर मला जन्मभर वाटत राहील, नीट झाली नसेल म्हणून. माझ्या हातची असली तर शंका उरणार नाही."

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं. पण ऑपरेशन होऊन आठवडाही झाला नव्हता आणि अशा वेळी माणसाला नाही म्हणवत नाही.

काकांनी काप काढून दिले. रंगारणीने त्या काचा कुकरमध्ये उकळल्या, थंड केल्या, प्रथिन शोधणारं द्रव्य घातलं, ठरलेला वेळ थांबली. एरवी या वेळात ती बाटल्यांवरची धूळ पुसायची, काकांशी दोन शब्द बोलायची. त्या दिवशी ती स्टुलावर नुसती बसून राहिली. काका म्हणाले, "चहा आणू?" तिने मानेनेच नाही म्हटलं.

शेवटी रंगाचा थेंब टाकायची वेळ आली. हा रंग बघता बघता चढतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आणि ठरल्या वेळेला तो पाण्याने धुवायचा असतो. काचेवरच्या कापात दोन भाग होते. एका बाजूला चांगलं यकृत, दुसऱ्या बाजूला गाठ. तिने थेंब टाकला. चांगला भाग तसाच राहिला. गाठीच्या भागावर मात्र कडेने काहीतरी पसरायला लागलं, कपड्यावर चहा सांडल्यावर पसरतो तसं. फिकट होतं, मग थोडं गडद. रंगारणीला वाटलं, काच आपल्याकडे बघते आहे. तिने काच उचलली आणि पाण्यात बुडवली.

वेळ झाली नव्हती. निम्मीही झाली नव्हती.

काय केलं हे तिला काच पाण्यातून बाहेर काढल्यावर कळलं. काप फिका दिसत होता. पिवळसर, धुवट. कुणी घाईत पाहिला असता तर 'थोडंसं, नगण्य' म्हणून पुढे गेला असता. तिने ठरवून काही केलं नव्हतं. पण तिचा हात तिला न विचारता खोटं बोलला होता. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत ती ज्या एका गोष्टीच्या जोरावर निवांत डबा खात होती, ती गोष्ट म्हणजे तिचा हात. या हाताने आजवर हजारो अनोळखी माणसांचं खरं सांगितलं होतं. आज पहिल्यांदा तो घाबरला होता आणि पहिल्याच भीतीत फितूर झाला होता.

ती काच घेऊन मॅडमच्या टेबलापाशी गेली. "काच बिघडली. मी बिघडवली. लवकर धुतली."

मॅडमनी काच हातात घेतली नाही. "घाबरलीस?"

"हो."

"ठीक आहे. काका उद्या नवी करतील. तू आता घरी जा."

ती घरी गेली नाही. वरच्या मजल्यावर सासूबाईंच्या खाटेशी जाऊन बसली. सासूबाई नाकात नळी घेऊन झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. शिवताना टाचण्या धरायच्या ते तोंड. रंगारीण त्यांच्या श्वासाकडे बघत राहिली. एक श्वास जरा लांबला की तिचा अडकायचा.

दुसऱ्या दिवशी काकांनी केलेली काच मॅडमनी वाचली आणि तिला बोलावलं. मायक्रोस्कोपवरून स्वतः बाजूला झाल्या. तिने डोळा लावला. चांगल्या यकृतात पित्ताच्या नळ्या नीट तपकिरी उमटल्या होत्या, म्हणजे रंगात खोट नव्हती. मग तिने काच सरकवली. गाठीतल्या निम्म्याहून जास्त पेशी तपकिरी होत्या. ठळक, कडा आखून काढाव्यात तशा.

"बस जरा," मॅडम म्हणाल्या. "हे बघ. अशी काच असलेली शंभर माणसं घेतली, तर त्यांच्यात आजार परत येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. पण तुझी सासू त्या शंभरातली कोण, हे काच सांगत नाही. ही गर्दीची गोष्ट आहे. एका माणसाची नाही."

"याच्यावर वेगळं औषध आहे?"

"आज तरी नाही. जे चाललंय तेच. फक्त लक्ष जास्त ठेवायचं."

"म्हणजे नुसतं कळलं."

मॅडमनी काच उचलून ट्रेमध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "हो. नुसतं कळलं."

सासूबाई घरी आल्या. सुनेने मनाशी ठरवून ठेवलं होतं की विचारलं तर 'सगळं ठीक आहे' म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण सासूबाईंनी विचारायचंच बंद केलं, आणि ते जास्त अवघड होतं. त्या नुसत्या बघायच्या. भाजी चिरताना बघायच्या, दिवा लावताना बघायच्या. शेवटी एका दुपारी, घरात दोघीच असताना, त्यांनी उशीला टेकून विचारलं, "रंग कसा आला माझा?"

"चांगला आलाय, आई."

"तुझा चेहरा म्हणजे कच्ची शिवण आहे. उलटी केली की सगळे टाके दिसतात. सांग."

रंगारणीने सांगितलं. शंभर माणसांची गोष्टही सांगितली, मॅडमनी सांगितली तशीच. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांच्या हाताने पांघरुणाची कड मुठीत धरली होती.

"परत येणार. कधी?"

"येईलच असं नाही. आणि कधी ते कुणालाच सांगता येत नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"मी विचारलं म्हणून!" सासूबाईंचा आवाज चिरकला. "उद्या मी विहीर कुठे आहे विचारलं तर काठापर्यंत नेऊन सोडशील?"

त्यानंतर त्या सुनेशी बोलल्या नाहीत. मशीनवर कापड टाकून ठेवलं. जेवणाचं ताट तसंच परत यायचं. दिवा लावून झोपायच्या, आणि झोपेतही उजवा हात बरगडीखाली दाबलेला असायचा, जणू आत कुणी येत असेल तर त्याला बाहेरच अडवायचं. आपणच हे केलं, असं सुनेला वाटत राहिलं. घरातल्या माणसाच्या मनात भीती पेरली आणि तिच्यावरचं औषध आपल्याकडे नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे तर तो राक्षस रंगवून घरी तिनेच आणला होता.

सासूबाईंनी अबोला सोडला तो एका संध्याकाळी. मुलगा कामावरून आला, हात धुऊन जेवायला बसला. सासूबाई दारातून त्याच्याकडे बघत होत्या. अचानक सुनेचा दंड धरून तिला आत ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "त्याचे डोळे पिवळे दिसतात का गं?"

"नाही आई. दिव्यामुळे वाटतंय."

"नीट बघ!"

सुनेने जाऊन पाहिलं. डोळे पांढरे होते, दमलेले. तरी खात्रीसाठी तिने पुन्हा वाकून पाहिलं. नवऱ्याने ताट बाजूला सारलं. "काय चाललंय दोघींचं? माझ्या डोळ्यांत काय शोधताय?"

"रक्त तपासून ये," सासूबाई म्हणाल्या.

"मला काही झालेलं नाही."

"मलाही काही झालेलं नव्हतं!"

तो उठून बाहेर निघून गेला. परत आल्यावर रंगारणीने गच्चीवर त्याला गाठलं. तिथे वाळत घातलेले कपडे तो उगाचच काढत होता.

"अरे, एक रक्ताची तपासणी आहे. तिला काय एवढं घाबरायचं?"

"तू केलीस ना आईची तपासणी? काय मिळालं?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आईचं जेवण गेलं, झोप गेली. ती माझ्याशी बोलतानाही निरोप घेतल्यासारखं बोलते. मला नको ते. मला माझं काम करू दे."

"आईच्या काचेवर औषध नव्हतं. तुझ्या रक्तात निघालं तर औषध आहे. रोजची एक गोळी. आईला ती तरुणपणी मिळाली असती तर आज कदाचित ही वेळ आली नसती."

"आणि उशीर झाला असेल तर? तेही कळेल ना?"

तो घड्या घालत राहिला. एकच टॉवेल त्याने तीनदा मोडला आणि घातला.

दोन-तीन दिवसांनी सासूबाई कुणाला न सांगता घराबाहेर पडल्या. टाके नुकतेच काढले होते. त्या थेट मुलाच्या गाळ्यावर पोचल्या. गाळ्यात दार काढलेले फ्रिज उभे होते, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी लटकत होती, गॅसची टाकी भिंतीला टेकवलेली. मुलगा एका कॉम्प्रेसरवर वाकला होता. आईला दारात बघून त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"तू इथे? कशी आलीस?"

"चालत. बसमध्ये धक्के बसतील, पोट उसवेल अशी भीती वाटली." त्या एका खोक्यावर बसल्या, घामाने डबडबलेल्या. "आता तू रक्त तपासायला येईपर्यंत मी इथून उठणार नाही. गिऱ्हाईक आलं तर सांग, हा फ्रिज विकायचा नाही, ही माझी आई आहे."

"आई, प्लीज."

"ऐक. तुला मी काय काय दिलंय ते मला ठाऊक आहे. नाक दिलं, हट्ट दिला, टकलाची वाट दिली. हेही दिलं असेल तर मला कळायला हवं."

"कळून काय करणार आहेस?"

"शिव्या घालीन. स्वतःला. पण तुला गोळी तरी मिळेल."

तो तिच्यासमोर फरशीवरच बसला. ग्रीस लागलेले हात गुडघ्यांवर. "आई, मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," सासूबाई म्हणाल्या. "मला सकाळी डोळा उघडल्यापासून वाटते. मी काही शूर बाई नाही. त्या रंगारणीला मी इतकं बोलले, ते भीतीपायीच. चल, ऊठ. मला एकटीला परत चालवत नाही आता."

गाळ्याचं शटर भर दुपारी खाली आलं. दोघं टॅक्सीने इस्पितळात आले. तिथून त्याने बायकोला फोन केला आणि ती तळमजल्यावरून पायऱ्या चढत धावत वर आली.

रक्तात विषाणू निघाला. हे अपेक्षित होतं. खरी परीक्षा सोनोग्राफीची होती. अंधारी खोली, थंड जेल, आणि पडद्यावर करडं, हलणारं काहीतरी. रंगारणीला आत येऊ दिलं होतं. डॉक्टर बोलत नव्हते. यंत्र बरगड्यांखाली दाबत, फिरवत, परत त्याच जागी आणत होते. इतकी वर्षं ती काच वाचणाऱ्यांच्या बाजूला होती. आता तिला कळलं की वाचणारा माणूस गप्प असतो, तेव्हा समोरच्याला ती शांतता कानात घण मारल्यासारखी ऐकू येते. नवऱ्याने तिचं बोट पकडलं होतं. इतकं घट्ट की नंतर तिथे वळ उठला.

"विषाणूमुळे यकृत थोडं खरखरीत झालंय," डॉक्टर शेवटी म्हणाले. "गाठ नाही."

बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग ते उघडून सुनेला म्हणाल्या, "खरखरीत म्हणजे काय? नीट सांग. मला अर्धवट नको." आणि त्या दिवसापासून पुन्हा तिच्याशी बोलायला लागल्या. मुलाची गोळी सकाळी त्या स्वतः द्यायच्या. पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या राहायच्या, घोट गळ्याखाली उतरेपर्यंत. घोड्याएवढा झालेला हा मुलगा जीभ बाहेर काढून दाखवायचा आणि नात खिदळायची.

सासूबाईंचं मशीन परत सुरू झालं. वर्षभर तपासण्या स्वच्छ येत राहिल्या आणि घराला वाटायला लागलं, की आपण त्या शंभरातल्या चांगल्या बाजूला आहोत. भीती गेली नव्हती. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांचं बोलणं कमी व्हायचं, क्षुल्लक कारणांवरून भांडी आपटली जायची. पण मधले महिने माणसांसारखे जायचे.

दुसऱ्या वर्षी आजार परत आला. या वेळी एक गाठ नव्हती, यकृतात विखुरलेल्या बऱ्याच होत्या. कापण्यासारखं काही नाही, असं सर्जन म्हणाले. औषधं दिली, त्यांनी काही महिने मिळाले. सासूबाई खूप घाबरल्या. हे लिहायला हवं, कारण मागाहून नातेवाईक म्हणत, केवढ्या धीराने गेल्या. तशा त्या गेल्या नाहीत. त्या रडायच्या, सुनेचा हात धरून 'मला सोडून जाऊ नकोस' म्हणायच्या, मग तिच्याच स्वयंपाकाला नावं ठेवायच्या. पोटात पाणी साठलं, पाय सुजले. एकदा दुपारी सून त्यांचे पाय चेपत असताना त्यांनी विचारलं, "तू त्या दिवशी सांगितलं नसतंस, तर ते एक वर्ष मी सुखात काढलं असतं का गं?"

"मला माहीत नाही, आई. मी रोज विचार करते."

"नको करूस. मी केला, काही हाती लागत नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "जरा वर दाब. तिथे नाही. तुला कामं सांगावी लागतात अजून."

महिन्याभराने त्या गेल्या. घरी, त्यांच्याच पलंगावर, मुलगा आणि सून दोन बाजूंना असताना.

रंगारीण कामावर परतली, पण डबा घेऊन ती आता बाहेरच्या आवारात बसू लागली. काचेवर आजही क्रमांकच असतो. मात्र एकोणीसचा थेंब टाकताना ती काकांना जवळ उभं राहायला सांगते. हात नीट चालतो, पण एकदा फितूर झालेल्या हातावर तिचा पुरता विश्वास बसत नाही. काका येऊन उभे राहतात.

नवऱ्याची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी असते. सासूबाई गेल्यानंतरच्या दुसऱ्या खेपेला डॉक्टर एका जागी थांबले. यंत्र तिथेच धरलं, चित्र काढलं, आणखी एक काढलं आणि बाहेर जाऊन वरिष्ठांना बोलावून आणलं. दोघांनी मिळून पाहिलं. रंगारीण भिंतीला टेकून उभी राहिली. नवरा छताकडे बघत होता.

"बारीक ठिपका आहे," वरिष्ठ डॉक्टर म्हणाले. "बहुतेक रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी पुंजका असावा. पण आईचा इतिहास बघता आपण स्कॅन करू. आणि तीन महिन्यांनी परत बघू."

स्कॅनमध्येही 'बहुतेक निरुपद्रवी' असंच आलं. त्या 'बहुतेक'ने घराचे तीन महिने खाल्ले. मुलीला काही सांगितलं नव्हतं, पण ती आपोआप हळू बोलायला लागली. गोळी द्यायला आता सासूबाई नव्हत्या. रंगारीण द्यायची, आणि तीही पेला घेऊन उभी राहायची. जीभ दाखवायची गंमत बंद झाली होती.

तीन महिन्यांनी ठिपका होता तेवढाच होता. आकार वाढला नव्हता, रूप बदललं नव्हतं. "पुंजकाच आहे," डॉक्टर म्हणाले. "आता नेहमीसारखं सहा महिन्यांनी या."

दोघं इस्पितळाच्या फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. जीव भांड्यात पडावा, असं काहीतरी ऐकलं होतं, पण पडायला जीव जागेवर नव्हता. नवरा म्हणाला, "भूक लागलीय." आणि त्याच क्षणी त्याचा फोन वाजला. एका आइस्क्रीमवाल्याचा मोठा फ्रीजर बंद पडला होता, माल वितळायला लागला होता आणि तो फोनवर जवळजवळ रडत होता.

"जायला हवं," नवरा म्हणाला. "तू घरी जा."

"मीही येते."

"तिथे काय करणार आहेस?"

"काही नाही. तुझी पिशवी धरीन."

ती त्याच्याबरोबर गेली. दुकानदाराने तिला खुर्ची दिली. नवरा फ्रीजरच्या मागे जमिनीवर आडवा झाला, टॉर्च दातांत धरून, एक हात आत घालून. दुकानदार डोक्याला हात लावून येरझाऱ्या घालत होता. रंगारणीने हत्यारांची पिशवी मांडीवर घेतली. फ्रीजरच्या कडेबाहेर नवऱ्याचे फक्त पाय दिसत होते, एका बुटाची नाडी सुटलेली. तो आतून "बारा नंबरचा पाना" म्हणाला. तिने पिशवीत शोधून त्याच्या पसरलेल्या हातात दिला.